बाळाला खुणा शिकवताय? मग या चुका टाळा

बोलता येण्याआधी बाळाला हवं-नको हातांनी सांगता यावं म्हणून आपण या खुणा शिकवतो, आणि मग आया विचारतात, "ताई, चार दिवस झाले रोज करतेय, बाळ काहीच खुणा करत नाही, काय चुकतंय?" चुकतंय हेच की चारच दिवस झालेत. सहाव्या-सातव्या महिन्यात सुरू केलंत तर पहिली खूण साधारण आठव्या ते दहाव्या महिन्यात दिसते, तोवर आपण हात हलवत बसायचं आणि घरचे हसले तर हसू द्यायचं. तसं आपल्याकडे हे नवीन नाहीच, देवासमोर जेजे आणि दारात टाटा शिकवायला कोणी क्लास लावला होता का? रोज त्याच वेळी तीच खूण, एवढंच होतं ते.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक, बाळाने खूण केली आणि आपल्याला कळलीच नाही. ही मी स्वतः केलीये. 'अजून'ची खूण आम्ही अमेरिकन साइन लँग्वेजमधली, म्हणजे तिथल्या कर्णबधिरांच्या हातांच्या भाषेतली घेतली होती, दोन्ही हातांच्या बोटांची चिमूट करून टोकं एकमेकांना टेकवायची. लेक दहा महिन्यांची, मुलुंडचा आमचा वन बीएचके, संध्याकाळी केळं कुस्करून भरवत होते. वाटी संपली आणि तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, केळं आवडलं बघ हिला!" मग त्यांनी टाळ्या, मी टाळ्या, नवरा लोकलमधून घामाघूम होऊन आला तो बूट न काढताच टाळ्या. पोरगी लालेलाल होऊन रडतेय आणि आम्ही अजून जोरात वाजवतोय. तीन दिवस हा तमाशा. चौथ्या दिवशी भांडी घासता घासता मावशी म्हणाल्या, "ताई, ती मागतेय ना, टाळ्या कसल्या पिटताय, द्या की अजून."

एवढ्याशा बोटांना ती चिमूट नीट जमत नाही हो, मुठीवर मूठ नाहीतर तळव्यावर तळवा आपटतात, टाळीच वाटते ती. तेव्हापासून मी आधी नजर बघते. वाटीकडे बघत वाजवली तर 'अजून', माझ्याकडे बघून हसत वाजवली तर टाळी. अंदाज चुकला तर एक घास जास्त जाईल, बिघडलं काय? आणि हात धरून "असं नाही, असं" करू नका, आपण बरोबर करत राहायचं, ती सुधारतात.

पहिल्याच आठवड्यात वीस खुणा नकोत. दूध, अजून, झालं, एवढ्या तीनच पुरे.

आजीची पाण्याची खूण वेगळी, बाबांची वेगळी, असं झालं की बाळ गोंधळतं. मी फ्रिजवर कागद चिकटवला होता, मावशींसकट सगळ्यांसाठी.

तोंड मिटून खुणा नकोत, प्रत्येक वेळी शब्द बोलायचाच. मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला आणि शिकेल, हा शॉर्टकट तर विसराच, दुधाची खूण म्हणजे मूठ उघडायची-मिटायची, पण दूध समोर नसेल तर त्या मुठीचा दुधाशी संबंध त्याने लावायचा कसा? आणि "खूण केल्याशिवाय बाटली देत नाही" म्हणणारे भेटले की माझं डोकंच फिरतं, भुकेल्या लेकराची परीक्षा कसली घेता!

खुणांमुळे बोलणं लांबतं म्हणून घाबरू नका, आणि लवकर बोलेल, हुशार होईल म्हणून क्लासची फीही भरू नका. ब्रिटनमध्ये २०१३ साली ४० बाळांवरचा एक अभ्यास आला, आठव्या महिन्यापासून विसाव्यापर्यंत बघितली, भाषेत खुणावाली बाळं पुढे गेलेली दिसली नाहीत. आया मात्र बाळाच्या हावभावांकडे जास्त लक्ष देऊ लागल्या होत्या. मला तेवढं पुरतं.

एक मात्र हसण्यावारी नेऊ नका. कुकरची शिट्टी झाली, दार आपटलं आणि बाळ दचकतच नाही, तर "खुणा तर करतंय की" म्हणून गप्प बसू नका. ऐकण्याची पहिली तपासणी महिन्याच्या आत व्हायला हवी, आणि दोष असेल तर त्याचं निदान तीन महिन्यांपर्यंत; तपासणी राहिली असेल तर आजच करा. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, याच कामासाठी. बाळाला ऐकू येत नसेल तर आपल्या तीन-चार खुणांनी भागत नाही, त्याला अख्खी भाषा लागते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, २०२१ पर्यंत तिचा सरकारी शब्दकोश १०,००० शब्दांवर गेला होता. तेव्हा माझ्यासारखी इंटरनेटवरून उचललेली अमेरिकन 'अजून' त्याला शिकवत बसू नका, उद्या इथल्या कर्णबधिर मुलांमध्ये जाऊन बसेल तेव्हा बाकीचे वेगळंच बोलत असतील.