पाटाचे पाणी घेताना या चुका टाळा

नागपूर जिल्ह्यातील नवेगाव खैरी धरणातून निघणाऱ्या पेंच प्रकल्पाच्या कालव्यांवर ज्यांचे धान आणि गहू अवलंबून आहेत, त्या पारशिवनी, रामटेक, मौदा भागातील शेतकऱ्यांच्या पाणी न मिळाल्याच्या त्याच त्या तक्रारी मी दर रब्बीला ऐकतो. त्यांतील बऱ्याच तक्रारींचे मूळ धरणातील साठ्यात नसून, कागद आणि चारी (शेतापर्यंत पाणी नेणारा छोटा पाट) या दोन गोष्टींकडे झालेल्या दुर्लक्षात असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून केवळ तोंडी परवानगीवर पाणी नेणे. माझ्या वडिलांनी शेजारच्या काकांच्या शब्दावर त्यांच्या धुऱ्यालगत (बांधालगत) चारी काढली होती आणि ती वीसेक वर्षे बिनतक्रार चालली. काका गेल्यावर मुलांनी शेत विकले आणि नव्या मालकाने पहिल्याच नांगरणीत चारी बुजवून टाकली. मी त्यांची समजूत घालण्यात आणि गावातील जाणत्या मंडळींना मध्ये घेण्यात आठ महिने घालवले. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे पाण्याला अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा दाखल करावा लागतो, हे मला मुदत उलटून गेल्यावर समजले. त्या हंगामात गव्हाला एकच पाणी मिळाले आणि ओंब्यांत दाणा भरला नाही. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ खाली अर्ज केला, नुकसानभरपाई दिली आणि नवी चारी मिळवली. पण त्यासाठी दोन हंगाम गेले. या कलमाखाली उघड्या चारीची रुंदी दीड मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि पाइप जमिनीखाली किमान अर्धा मीटर खोल टाकावा लागतो. शिवाय ज्या स्रोतातून पाणी आणायचे आहे, त्यावर आपला हक्क असावा लागतो. म्हणून संबंध गोड असतानाच करार लेखी करून घ्यावा. अडथळा झालाच तर बोलणी जरूर करावीत, परंतु पहिल्या आठवड्यातच फोटो काढून लेखी तक्रारही द्यावी. शेजाऱ्याला त्याचे वाईट वाटेल या संकोचापायी मी जे गमावले, ते इतरांनी गमावू नये.

नमुना ७ चा पाणी अर्ज मुदतीत भरावा, आणि मागील थकबाकी त्याआधी चुकती करावी. रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो, त्यामुळे पेरणी उरकल्यावर अर्जाचा विचार करणारा आधीच मागे पडलेला असतो.

आणखी एक चूक नव्याने शेती हाती घेतलेली मुले हमखास करतात: आपल्या पाळीला किती तास लागतील, याचा हिशेबच मांडत नाहीत. शेतचारीत साधारण एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी येते असे धरले, तर एका हेक्टरला साडेसात सेंटीमीटर पाणी देण्यासाठी ७५० घनमीटर लागतात आणि वाटेत थेंबही न मुरता त्याला सात तासांहून अधिक वेळ जातो. चारी गवताने भरलेली असेल तर किती वेळ लागेल, हे ज्याने रात्री कंदील घेऊन पाण्यामागे फिरून पाहिले आहे, त्यालाच ठाऊक. दसरा झाला की मी फावडे घेऊन विमोचकापासून (कालव्यातून चारीत पाणी सोडणाऱ्या तोंडापासून) शेतापर्यंतची चारी स्वतः चालत साफ करतो. मजुरावर सोडलेल्या सफाईत वळणांवरचा गाळ तसाच राहतो. ही मेहनत टाळून वेळ संपत आल्यावर विमोचकाचे तोंड फोडणे हा उपाय नव्हे, ते खालच्या शेतकऱ्याच्या ताटातला घास हिसकावणे आहे आणि पाटबंधारे अधिनियम, १९७६ खाली गुन्हाही आहे.

नाल्यावरील कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या परतीचा पाऊस ओसरण्याआधी बसवू नयेत. एका पुरात काठ खचतो.

शेवटच्या टोकाचे शेतकरी पाणी वापर संस्थेच्या निवडणुकीकडे फिरकत नाहीत, ही चूक मला विशेष खुपते. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ ने संस्थेच्या संचालक मंडळात शीर्ष (सुरुवातीच्या), मध्य आणि पुच्छ (शेवटच्या) भागांना समान प्रतिनिधित्व दिले आहे. आमच्या चारीवर पाळी पुच्छाकडून सुरू होते, कारण पुच्छाचे संचालक प्रत्येक बैठकीला हजर राहून शेजपाळीचा, म्हणजे क्रमाने पाणी घेण्याच्या पाळ्यांचा, तक्ता स्वतः तपासतात.