आग्रह सोडायला सहा महिने लागले

मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावात मी पंगतीत बुंदी वाढायचो. वरण-भाताची बादली कोणाच्याही हातात देतात, बुंदीची देत नाहीत. हात सैल सुटला तर शेवटच्या पंगतीला बुंदी पुरत नाही, आणि आखडला तर व्याही नाराज. त्या बादलीचा मला अभिमान होता. आज मी गोव्यात समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये, तिथल्या फाइन डायनिंग रेस्टॉरंटात कॅप्टन, म्हणजे वेटरांवरचा माणूस, आहे. पावसाळ्यात तिकडे सीझन थंड असतो, तेव्हा सुट्टी काढून गावी येतो. दरवर्षी दोन-चार पोट्टे पारावर गाठतात, "भाऊ, हॉटेल लाइन कशी हाय?" एकेकाला सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

आधी नानांचं बोलून घेतो. नाना आमचे शेजारी. त्यांचा पोरगा यंदा बारावी झाला. "काहून बे, बशा उचल्याले गोव्याले जा लागते का?" असं त्यांनी मला चारचौघांत विचारलं. बशा उचलाव्या लागतात, खोटं कशाला सांगू? पहिलं वर्ष तर बहुतेक तेच.

वाटा तीन आहेत. बारावीला इंग्रजी विषय असेल तर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्या. त्यातून दादरच्या किंवा गोव्यात पर्वरीच्या आयएचएम (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) सारख्या सरकारमान्य संस्थेत तीन वर्षांची बीएस्सी करता येते. दहावीवरच थांबला असाल तर आयटीआयमध्ये 'फूड अँड बेव्हरेज सर्व्हिसेस असिस्टंट' हा एक वर्षाचा ट्रेड आहे, फक्त आपल्या जवळच्या आयटीआयत तो चालतो का ते आधी जाऊन विचारा. तिसरी वाट माझी, थेट ट्रेनी म्हणून घुसायचं. ती लांबची आहे. माझ्यासोबत लागलेला डिग्रीवाला माझ्याआधी दोन वर्षं कॅप्टन झाला, आणि ते बरोबरच होतं. एजंटच्या नादी मात्र लागू नका. जिल्ह्याच्या गावात एकाने माझ्याकडून 'क्रूझवर लावून देतो' म्हणून पैसे घेतले आणि दहावीची मूळ मार्कशीटही ठेवून घेतली. पैसे गेले. मार्कशीट सोडवायला चार चकरा झाल्या.

समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. खारं पाणी पाहिलं ते लोणारच्या सरोवराचं. अकोल्याहून मडगावची गाडी पकडली, पोचलो त्या संध्याकाळी सुपरवायझरने युनिफॉर्म दिला आणि थेट मागच्या खोलीत ग्लास पुसायला बसवलं. समुद्र तीस पावलांवर होता. तो दिसायला दुसरा दिवस उजाडला.

ग्लास पुसणं हे पहिलं शिक्षण. गरम पाण्याच्या वाफेवर ग्लास धरायचा, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचा आणि दिव्यासमोर धरून बघायचा. बोटं फक्त दांडीला, वाटीला नाही. समुद्राकाठी काम दुप्पट होतं, कारण हवेतला खार काचेवर धुरकट थर धरतो आणि स्टीलच्या काट्या-सुऱ्यांवरही डाग पाडतो. दुपारी चकचकीत केलेलं संध्याकाळी पुन्हा बघावं लागतं.

मग टेबल. एका पाहुण्याच्या मांडणीला 'कव्हर' म्हणतात, त्याला साधारण २४ इंच जागा. सुरी उजवीकडे, धार आत. काटे डावीकडे. जे आधी लागणार ते सगळ्यात बाहेर. पाण्याचा ग्लास सुरीच्या टोकावर. पेय उजवीकडून द्यायचं. ताटलीत सजून आलेला पदार्थ आमच्याकडे उजवीकडून ठेवतात. मोठ्या ताटातून चमच्या-काट्याने वाढायचं असेल तर डावीकडून. हॉटेलागणिक थोडा फरक असतो, तेव्हा 'आमच्या जुन्या ठिकाणी असं नव्हतं' हे वाक्य तोंडातून काढू नका. मेन्यूवरच्या फ्रेंच शब्दांचंही भय नको. जुलिएन म्हणजे काडीसारखं चिरलेलं, कॉन्सोमे म्हणजे नितळ गाळलेलं सूप, आमूज बूश म्हणजे जेवणाआधी शेफकडून आलेला फुकटचा घास.

तीन प्लेटा एका वेळी उचलणं घरी शिका. मी अंगणात स्टीलच्या तीन ताटल्यांत पाणी भरून फिरायचो. आईला वाटलं, पोराला काहीतरी लागलं.

दारूचं विचारतातच, आणि आधी आईच विचारते. वाइन शिकावी लागते, प्यावी लागत नाही. बाटलीचं लेबल यजमानाला दाखवायचं, त्याला घोटभर चाखायला द्यायची, त्याने मान हलवली की बायकांपासून सुरुवात करून शेवटी त्याचा ग्लास. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. सहा जणांचं टेबल असेल तर हे गणित ओतायच्या आधी करा. माझा रूममेट वर्ध्याचा, दारूबंदीच्या जिल्ह्यातला. आमच्यात वाइन त्याच्याइतकी कोणी समजावून सांगत नाही.

हे सगळं हाताला दोन-तीन महिन्यांत येतं. मला जड गेलं ते वेगळंच. आपल्या पंगतीत आग्रह हा वाढप्याचा धर्म आहे. पानावर आडवा हात धरलेल्या माणसाच्या बोटांच्या फटीतून बुंदी टाकण्यात मी पटाईत होतो. तिथेही तेच केलं. एका बाईंनी काटा-सुरी ताटलीत शेजारी-शेजारी ठेवली होती. म्हणजे झालं माझं, उचला. अर्धा मासा शिल्लक होता. मी म्हणालो, "मॅडम, थोडं तरी घ्या, आवडलं नाही का?" त्यांनी पुन्हा काटा उचलला, दोन घास कसेबसे खाल्ले. मी खूश. त्या गेल्यावर मॅनेजरने बाजूला घेतलं. "त्यांचं जेवण संपलं होतं. तू त्यांना पुन्हा जेवायला लावलंस." नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलं होतं, हे अख्ख्या सेक्शनला दिसत होतं. माझी नजर माशावर.

पंगतीतला अर्धा गुण मात्र जसाच्या तसा चालतो. कोणाचं पान रिकामं आहे हे हाक मारायच्या आत दिसणं. शेगावला संस्थानातले सेवेकरी पाहिलेत ना? 'माऊली' म्हणून हात जोडतात, रस्ता दाखवतात आणि बाजूला होतात. मागे लागत नाहीत. तेवढंच.

खास प्रसंगाच्या टेबलांना सगळ्यात जास्त घोळ होतात. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मागणी घालणं. सूर्यास्ताच्या वेळचं टेबल हवं असतं, आणि सूर्य कोणासाठी थांबत नाही. वाळूत टेबल मांडायचं तर भरतीची वेळ बघावी लागते, ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कालच्या जागी आज पाणी येऊ शकतं. मेणबत्ती वाऱ्याने विझते, म्हणून काचेच्या चिमणीत ठेवायची. बुकिंगच्या वहीत नाव, प्रसंग, ॲलर्जी हे तीन स्वतः वाचा. कोळंबी-खेकडा चालत नसेल तर ते केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, ठळक लिहा आणि शेफला तोंडीही सांगा, कारण त्याच तेलात तळलेला बटाटासुद्धा त्रास देऊ शकतो. मी एकदा पंचविसाव्या लग्नवाढदिवसाच्या टेबलावर 'हॅपी बर्थडे' लिहिलेली प्लेट नेऊन ठेवली. काका हसले, काकू हसल्या नाहीत.

आणि एक टेबल सांगतो. पुण्याच्या एका मुलाने आई-वडिलांसाठी सात कोर्सचं जेवण ठरवलं होतं, सूर्यास्ताचं टेबल, सगळं सरप्राइज. पहिला कोर्स गेला तसाच परत आला. आई नुसतं पाणी पीत होत्या आणि सूर्य समोर बुडत असताना मान वळवून मागे, नारळांकडे बघत होत्या. मुलगा म्हणत होता, "आई, एक घास तरी घे." मी मोबाइल काढून पाहिला. संकष्टी होती. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रात मावळतो, पण चंद्र रिसॉर्टच्या मागून उगवतो.

मी त्यांना काही विचारलं नाही. मुलाला बाहेर बोलावून चंद्रोदयाची वेळ सांगितली. नऊ वाजून गेल्यावर. शेफ चिडला, सात कोर्स दोन तास मागे सरकवणं म्हणजे सगळ्या पासवर, किचनमधून प्लेटा बाहेर पडतात त्या काउंटरवर, गोंधळ. तरी ऐकलं त्याने. मासे काढून शाकाहारी केलं, कांदा-लसूण चालेल का ते मुलाकडून विचारून घेतलं. मधल्या वेळात वडिलांना सूप आणि ब्रेड दिला. चंद्र नारळांच्या वर आला तेव्हा मी फक्त तांब्याएवढ्या जगमध्ये पाणी आणि एक फूल ताटलीत ठेवून गेलो. त्या उठल्या, नमस्कार करून बसल्या आणि सातही कोर्स खाल्ले. मी एकदाही 'अजून घ्या' म्हणालो नाही.

आता पैशांचं. माझा पहिला पगार साडेनऊ हजार होता, राहणं-जेवण हॉटेलकडून. टिपांवर भरवसा ठेवून कर्ज काढू नका. २०२२ च्या जुलैत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायला मनाई केली, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. म्हणजे त्या चार्जमधून वाटा मिळेल असंही धरून चालू नका. मुलाखतीत लाज न बाळगता विचारा, टिप एकत्र होते की ज्याची त्याला, ट्रेनीला वाटा किती. ब्रेक शिफ्ट आहे का तेही विचारा. सकाळी चार तास, मग रिकामं, मग रात्री बारापर्यंत. त्या मधल्या वेळात झोप येत नाही आणि कुठे जाताही येत नाही. दिवाळी आणि ३१ डिसेंबर आयुष्यातून गेले असं समजा.

जाताना काळे मोजे चार जोड न्या, पांढरे नको. जोडे एक नंबर मोठे घ्या, रात्री पाय सुजतात. नखं कापून जा, मुलाखतीत आधी हातच बघतात.

नानांचा पोरगा काल अंगणात तीन ताटल्या घेऊन फिरत होता. पाणी नानांच्या धोतरावर सांडलं.