कॉलेजच्या बेसबॉल मैदानाच्या सुधारणेची मागणी करण्यापूर्वीची तयारी

मागच्या वेळी आम्ही अर्ज, सह्या आणि खर्चाचा अंदाज घेऊन व्यवस्थापनापुढे गेलो, तेव्हा पाऊस थांबून तीन आठवडे उलटले होते. समितीचे सदस्य आले, कोरड्या हिरवळीवरून एक फेरी मारली आणि "मैदान तर चांगले दिसते आहे" असे म्हणून परत गेले. आम्ही तोंडी सांगत राहिलो. दाखवण्यासारखे हातात काहीच नव्हते. म्हणून सर्वांत आधी नोंदवही घालावी.

अर्जापूर्वी निदान एक पूर्ण हंगाम तीत नोंदी व्हायला हव्यात: पाऊस कधी थांबला, इनफील्डवरचे (बेसभोवतालच्या आतल्या भागातले) पाणी किती तासांनी ओसरले, कोणता सराव किंवा सामना रद्द करावा लागला, वेडीवाकडी उसळी घेतलेला चेंडू कोणाला लागला. छायाचित्रे दर वेळी ठरलेल्या दोन जागांवरूनच आणि तारखेसह काढावीत. मागाहून आठवून लिहिलेल्या नोंदी चालत नाहीत, कारण तारखा विचारणारा एक सदस्य प्रत्येक समितीत असतोच.

मोजमापांना एक दुपार पुरते. बेसमधील (धावताना गाठायच्या थांब्यांमधील) ९० फूट आणि पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) प्लेटपासून फलंदाजाजवळच्या होम प्लेटपर्यंतचे ६० फूट ६ इंच ही अंतरे बहुधा बरोबरच निघतात. गडबड असते ती माउंडमध्ये, म्हणजे पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यात. पिचरची प्लेट होम प्लेटच्या पातळीपेक्षा १० इंच उंच असावी लागते आणि तिच्यापुढे ६ इंचांवर सुरू होऊन होम प्लेटच्या दिशेने ६ फुटांपर्यंत दर फुटाला १ इंच असा उतार लागतो. प्रत्यक्षात पिचरचे पाऊल जेथे पडते तेथे खड्डा झालेला असतो. त्यानंतर इनफील्डची माती हिरवळीला भिडते ती कड पाहावी. खेळताना व माती ओढताना उडालेले कण गवतात साचून तेथे हळूहळू बांध तयार होतो, जो पाणीही अडवतो आणि चेंडूची उसळीही बिघडवतो. हा बांध काढणे नव्या ड्रेनेजपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. ते काम आधी करून घेतले नाही, तर एखादा जाणकार सदस्य नेमके तेच विचारील आणि तेथेच बैठक संपेल. बांध काढण्याआधी आणि काढल्यानंतर पाणी किती वेळ साचले, हेही नोंदवहीत लिहावे. तरीही पाणी साचतच असेल, तर ड्रेनेजची मागणी त्याच पानावर उभी राहते.

होम प्लेटपासून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असणे नियमपुस्तकात इष्ट मानले आहे. मैदान नव्याने आखायचे नसेल, तर हा मुद्दा काढूच नये. समिती त्यातच गुंतून पडते.

मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याला अर्जाआधी भेटावे, अर्जानंतर नव्हे. मुलींच्या सॉफ्टबॉल संघालाही पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावे. अमेरिकेत संघराज्याचा निधी घेणाऱ्या महाविद्यालयांना लिंगभेदाला बंदी करणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा लागू असल्यामुळे केवळ मुलांपुरती केलेली मागणी तेथे अडकू शकते, आणि कायदा नसला तरी एकाच संघासाठी केलेली मागणी दुबळीच राहते.

खर्च टप्प्यांत मांडावा: आधी माती व उतार, मग बॅकस्टॉप (होम प्लेटमागची जाळी) व डगआउट (खेळाडूंची बसण्याची जागा), प्रकाशझोत सर्वांत शेवटी. वार्षिक देखभालीचा आकडा वेगळ्या पानावर द्यावा. सह्या, माजी खेळाडूंची पत्रे, बैठकीची वेळ, हे सर्वांना ठाऊक असते. पाहणी शक्यतो पावसाच्या दुसऱ्या दिवशी मागावी. मिळाली नाही, तर नोंदवही आहेच. तिची एक प्रत मात्र घरी ठेवावी, कारण यंदाच्या वहीची पहिली चार पाने डगआउटमध्येच भिजली.