एलएलबी झालं, आता पुढं काय? कोर्टात जायचं की दुसरं काही

रिझल्ट लागला की दरवर्षी ओळखीतल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात, ताई आता पुढं काय करू. घरच्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात, वकील नाहीतर जज, आणि पोरांच्या डोक्यात मुंबईतली मोठी लॉ फर्म. मी चौदा वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात काम करतेय, माझ्या बॅचमधले लोक आज कुठं कुठं आहेत तेही बघतेय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी सनद घ्या, म्हणजे बार कौन्सिलकडे वकील म्हणून नाव नोंदवा. नोकरीच करायचीय मग सनद कशाला असं म्हणू नका, बँकेतल्या लॉ ऑफिसरच्या आयबीपीएस परीक्षेलासुद्धा बार कौन्सिलकडे नाव नोंदलेलं लागतं. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की नोंदणीची फी कायद्यात आहे तेवढीच घ्यायची, म्हणजे एससी एसटीला १२५ आणि बाकी सगळ्यांना ७५० रुपये, त्यामुळे पैशासाठी थांबायचं कारण राहिलेलं नाही. मग दोन वर्षांच्या आत एआयबीई, म्हणजे वकिलांची ऑल इंडिया बार परीक्षा, द्या. परीक्षेला बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसत्या कायद्याचं पुस्तक, सोबत नेता येतो, पण त्यात नोट्स लिहिलेल्या चालत नाहीत, आणि कुठलं कलम कुठल्या पानावर आहे ते हाताला माहीत नसेल तर पुस्तक असूनही वेळ पुरत नाही.

आता जज व्हायचंय त्यांच्यासाठी, कारण इथं नियम बदललाय आणि बऱ्याच जणांना अजून पत्ता नाही. पूर्वी कॉलेजमधून निघून थेट जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या जजच्या परीक्षेची, तयारी करता यायची. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट परत आणली. ही वर्षं प्रोव्हिजनल नोंदणीच्या, म्हणजे एआयबीईच्या आधी होते त्या नोंदणीच्या, तारखेपासून मोजतात, जजच्या हाताखाली लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरतात, आणि दहा वर्षं प्रॅक्टिस असलेल्या वकिलाचा दाखला लागतो, त्यावर जिल्ह्याच्या मुख्य न्यायाधीशांची सही. त्यामुळे नुसतं क्लासमध्ये बसून तीन वर्षं काढायची हा रस्ता आता नाही. मला स्वतःला हा निर्णय पटतो, कारण निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज ज्याने कधी स्वतः चालवला नाही, उलटतपासात साक्षीदार कसा गडबडतो ते ज्याने बघितलं नाही, त्याने पहिल्याच दिवशी जज म्हणून डायसवर बसणं पक्षकारासाठी बरं नाही.

पण ही तीन वर्षं काढायची कशी, हा खरा प्रश्न, कारण ज्युनिअरला पैसे मिळत नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्या असं सांगितलं, पण ती शिफारस आहे, बंधन नाही, आणि आमच्याकडं कित्येक पोरं अजून पेट्रोलपुरत्या पैशावर काम करतात. अशांनी लीगल एडकडं, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीच्या कामाकडं, जरूर बघा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकील घेतात, त्यात असिस्टंटची जागा शून्य ते तीन वर्षं अनुभवाच्या लोकांसाठीच असते, ठरलेलं मानधन मिळतं आणि जामिनापासून ट्रायलपर्यंत सगळं हाताखालून जातं. फौजदारी शिकायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

आता ज्या कामाकडं कुणी बघत नाही त्याबद्दल थोडं जास्त लिहिते, जमिनीचं काम. बँका, बिल्डर, शेतजमीन घेणारे, सगळ्यांना सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीची मालकी तपासून दिलेला वकिलाचा अहवाल, लागतो. साधारण ३० वर्षांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांचे उतारे, बघायचे, सातबारा, आठ अ चा खाते उतारा, आणि प्रत्येक फेरफार, म्हणजे नावात झालेल्या बदलाची नोंद, मागं मागं वाचत जायचा. माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट, एका जमिनीचा सातबारा अगदी स्वच्छ, तीन भावांची नावं, बोजा नाही, मी रिपोर्ट लिहून सरांपुढं ठेवला. सरांनी फक्त विचारलं, वारसाचा फेरफार काढलास का. काढला नव्हता. तलाठ्याकडून १९७८ चा फेरफार आणला तर वडील वारल्यावर तीन भावांची नावं लागली होती आणि दोन बहिणींची नावं इतर हक्काच्या रकान्यात, नंतर नवीन सातबारा लिहिताना ती नावं गळूनच गेलेली, बहिणींनी हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र कुठंच नाही. त्या दोन्ही बहिणी हयात होत्या. खरेदी तशीच झाली असती तर घेणारा माणूस पुढची पंधरा वर्षं दाव्यात अडकला असता आणि बहिणींचा हिस्सा परस्पर गेला असता. त्या दिवसापासून मी फेरफार वाचल्याशिवाय सही करत नाही. ज्याला जुनं हस्ताक्षर वाचायचा कंटाळा नाही, कुळकायदा आणि वर्ग २ च्या, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागते त्या, जमिनी समजून घ्यायची तयारी आहे, त्याला तालुक्याच्या ठिकाणीही काम कमी पडत नाही. शहरात याचंच दुसरं रूप म्हणजे सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने जागा नावावर करून दिली नाही तर ती सरकारकडून करून घेणं, रीडेव्हलपमेंटचे करार आणि बिल्डरविरुद्धच्या महारेराच्या तक्रारी.

आणि आता कोल्हापूर. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, तिथं सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. आधी हायकोर्टात प्रॅक्टिस करायची म्हणजे मुंबईत खोली बघायची, आता आपल्या भागात राहून ते होऊ शकतं. त्यासोबत आणखी एक काम आहे, भाषांतर. खालच्या कोर्टातली कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, जबाब, पंचनामा, फिर्याद सगळं मराठीत, आणि हायकोर्टात ते इंग्रजीत द्यावं लागतं. ज्याला दोन्ही भाषा येतात आणि कुळ, कब्जेदार, वहिवाटदार यातला फरक कळतो अशी माणसं फार थोडी आहेत. ज्युनिअरशिप करता करता पोटापुरते पैसे यातून निघतात.

नोकरीची वाट धरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. पूर्ण वेळ पगारी नोकरी लागली की बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करायची असते, ती तशीच चालू ठेवून कोर्टात उभं राहिलात तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि स्थगित असतानाची वर्षं प्रॅक्टिसमध्ये धरत नाहीत. कंपनीतलं काम म्हणजे बहुतेक वेळ करार वाचणं, कंप्लायन्सच्या तारखा सांभाळणं, वाईट अजिबात नाही, पण ज्याला बोलायची, भांडायची हौस आहे तो तिथं कोमेजतो, मी बघितलंय. बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करून मग एलएलबी केलेल्यांनी पेटंट एजंटची परीक्षा बघा, तिला सायन्स किंवा इंजिनिअरिंगचीच डिग्री लागते, त्यामुळे तिथं गर्दी कमी. आर्मीच्या जॅग, म्हणजे कायदा विभागाच्या, शाखेला एलएलबीत ५५ टक्के, वय २१ ते २७ आणि एसएसबीची मुलाखत, वय निघून गेल्यावर हळहळत बसलेले दोन जण माझ्याच बॅचमध्ये आहेत म्हणून आधीच सांगते. शिकवायचं असेल तर एलएलएम आणि नेट किंवा सेट. नोटरी लगेच होता येत नाही, दहा वर्षं प्रॅक्टिस लागते, महिला, ओबीसी आणि एससी एसटीला सात.

काहीही ठरवा, पण कोर्टात जाणार असाल तर पहिल्या दिवसापासून एक वही घाला. कुठल्या मॅटरमध्ये तुमचं वकीलपत्र आहे, केस नंबर, कोर्ट, कुठल्या तारखेला काय केलं, आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, तुमचं नाव आलं असेल तर त्याची नक्कल त्याच आठवड्यात काढा. तीन वर्षांनी दाखला मागायला जाल तेव्हा सिनिअरला काहीच आठवत नसतं.