रीमॅपच्या आधी टर्बोची गळती शोधा

किनाऱ्यावर पाच-सहा पावसाळे काढलेल्या टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारी टर्बाइन) असलेल्या डिझेल गाडीला थेट रीमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, मारू नका. खाऱ्या हवेने होजचे क्लॅम्प गंजतात, बंपरमागच्या इंटरकूलरच्या (टर्बोकडून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) फटींत लाल चिखल सुकून बसतो आणि ॲल्युमिनियम कुजतं. हवा गळत असली की ठरलेला दाब गाठायला टर्बो जास्त वेगाने फिरतो. त्यावर मॅपने आणखी दाब मागितला की काळा धूर, तापलेला एक्झॉस्ट आणि शेवटी टर्बोचाच खर्च.

तपासणी इंजिन बंद आणि थंड असताना करा. एअर फिल्टरकडून येणारा पाइप टर्बोच्या तोंडापासून काढून तिथे हवेचा व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण घट्ट लावा. ऑइलचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) दाब साठतो. रेग्युलेटरवरून हळूहळू १५ पीएसआयपर्यंत हवा भरा आणि प्रत्येक जोडावर, इंटरकूलरच्या कडांवर साबणपाणी मारा. ऑइलच्या तोंडातून थोडी हवा आली तर चालतं. जोडावर बुडबुडे आले तर नाही. इंटरकूलरमध्ये तेलाचा पातळ थर असतोच, पण तळं साचलेलं दिसलं तर आधी ब्रीदर (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारी नळी) आणि टर्बोचं सील बघा.

नवे क्लॅम्प स्टेनलेसचे, टी-बोल्टवाले घ्या. होजमध्ये रुतेपर्यंत आवळू नका.

शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर (कोन फिल्टर) मात्र कोकणात नकोच! बॉनेटखालची गरम हवा ओढतो, खाली बसवला तर जुलैत पाणी. मूळ डब्यात नवा पॅनेल फिल्टर पुरतो.