राजीनामा टाइप करण्याआधी

ऑफर लेटरवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चात, कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम), कधी तर ‘मिळाला तर मिळाला’ असा बोनसही धरलेला असतो. दरमहा हातात किती येणार ते एचआरकडून लेखी घ्या आणि आताच्या पगाराच्या स्लिपशेजारी ठेवा. सध्याच्या नोकरीत सव्वाचार वर्षं झाली असतील तर जॉइनिंग पुढे ढकलता येतं का बघा. कायम नोकरीत सलग ५ वर्षं भरली की ग्रॅच्युइटी मिळते. शेवटचं बेसिक ४०,००० असेल तर सुमारे १ लाख १५ हजार. आणि हो, पुण्यात कोथरूडहून हिंजवडी गाठायची असेल तर एका सोमवारी सकाळी नऊला खरंच जाऊन बघा. सुट्टी मागितल्यावर कपाळाला आठ्या न घालणारा साहेब असेल, तर दहा-बारा टक्के पगारवाढीसाठी मी तरी हलणार नाही.