तळ्यातलं ‘शेवाळ’ ओढण्याआधी पेर बघा

पाऊस मागे सरला की कोकणातल्या शेततळ्यांचं पाणी निवळतं, आश्विनातलं ऊन तळापर्यंत पोचतं आणि पाण्याखाली हिरवं रान माजायला लागतं. गावात त्या सगळ्याला नाव एकच, शेवाळ. मग बांबूला कोयती बांधून कापाकापी होते. चार ढीग काठावर येतात, बाकीचे तुकडे पाण्यातच राहतात. नुकसान इथेच होतं. ते रान हायड्रिला या पाणवनस्पतीचं असेल तर पेर, म्हणजे काडीवरची पानं फुटण्याची गाठ, शाबूत असलेला तुकडा पुन्हा मूळ धरतो. दिवाळीत साफ केलेलं तळं ऐन वायंगणात, म्हणजे उन्हाळी भाताच्या वेळी, पुन्हा भरलेलं असतं आणि पंपाचा फुटव्हॉल्व्ह चोंदतो.

म्हणून आधी ओळख पटवा. पांढऱ्या परातीत स्वच्छ पाणी घ्या आणि मुळासकट काढलेली एक काडी त्यात सोडा. पाण्याबाहेर पानं एकमेकांना चिकटतात, मग काही कळत नाही.

पेराला एकेकच पान, एकाआड एक, असेल तर ते पोटॅमोजेटॉन. यातल्या नोडोसस जातीची वरची पानं लंबगोल, लांब देठाची आणि तरंगणारी, पाण्याखालची पातळ. तुरा पाण्यावर उभा राहतो. पेक्टिनेटसची पानं दोऱ्यासारखी. ती मचूळ पाण्यातही तगते, त्यामुळे खाडीलगतच्या तळ्यात आधी तिचा संशय घ्या. दोन्ही इथल्याच. मासळीच्या पिलांना आडोसा देतात, थोड्या राहिल्या तर राहू द्या.

पेराभोवती पानांचं कडं असेल तर मोजा. हायड्रिलाला तीन ते आठ, बहुधा पाच. पान जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर, कडा नुसत्या डोळ्यांना दातेरी दिसते. पानाच्या मागची शीर बोटाला खरखरीत लागते. गाळातून काडी अलगद काढली तर टोकाला मटाराएवढा कंद सापडतो. हायड्रिलाही इथलीच, पण इथली आहे म्हणून गरीब नाही. तिच्यासारखीच दिसणारी एजेरिया मात्र दक्षिण अमेरिकेतली, शोभेच्या माशांच्या टाकीतून सुटणारी: पानं बहुधा चार, मोठी, हाताला मऊ, आणि कंद नाही.

मूळच नाही, पानं शिंगासारखी दुभागलेली आणि शेंडा शेपटीसारखा दाट, तर सेराटोफायलम. बुडातून लांब फितीसारखी पानं, तर व्हॅलिसनेरिया. पेराला समोरासमोर दोन देठाची, पंख्यासारखी चिरलेली पानं असतील तर ती बाहेरची कॅबोंबा. 2020 मध्ये केरळात कोळिकोड जिल्ह्यातल्या आवळा पांडीत गुलाबी फुलं बघायला गर्दी लोटली, ती हिचीच. दिसली तर त्याच दिवशी उपटा.

हायड्रिला ठरली तर कोयती बाजूला ठेवा. आधी सांडव्याला आणि पाटाच्या तोंडाला जुनी मच्छरदाणी दुहेरी बांधा. प्लास्टिकच्या तळ्यात दाताळं नको, अस्तराचा कागद फाटतो. दोघांनी दोन काठांवरून जाड काथ्याचा दोर तळाशी ओढावा. काम सकाळी करा. दुपारी खारा वारा सुटला की सुटे तुकडे पूर्वेच्या काठाला जमतात, संध्याकाळी तिथे झेल्याने गोळा करा. हे कुठल्या पुस्तकातलं नाही, पण अर्धी मेहनत वाचते. ढीग काठापासून दूर कातळावर दोन-तीन दिवस कडक वाळवा, मग माडाच्या आळ्यात घाला. उसनं आणलेलं जाळं, पाग, पंपाचा पाइप हेही तसेच वाळवल्याशिवाय तळ्यात उतरवू नका. तुकडा तिथूनही येतो.

एका दिवसात सगळं तळं मोकळं करू नका. एक तृतीयांश काढा, मग दहा-पंधरा दिवस थांबा. ढवळलेला गाळ आणि कुजणारे तुकडे प्राणवायू खातात. आभाळ भरलेलं असेल त्या आठवड्यात तर हातच लावू नका. पहाटे मासे तोंड वर काढताना दिसले की उशीर झालेला असतो.

दुकानदार ग्लायफोसेट हे तणनाशक पुढे करील. पाण्याखालच्या पानावर ते काम करत नाही, गाळाला चिकटून निकामी होतं. शिवाय ऑक्टोबर 2022 पासून त्याचा वापर फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता आहे. मोरचूद शेवाळासाठी, म्हणजे खऱ्या शेवाळासाठी, लिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम सांगितलं जातं. जांभ्यातलं पाणी मऊ असतं. क्षारता (अल्कलिनिटी) लिटरला 50 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तेवढ्यानेही मासे मरतात. पैसे घालायचेच तर ग्रासकार्प या गवत्या माशाच्या बोटुकलीत, म्हणजे पिलांत, घाला: एकूण बीजाच्या 5 ते 10 टक्के, 10 सेंटिमीटरहून मोठी. हायड्रिला तो आवडीने खातो, जलपर्णीकडे ढुंकून बघत नाही. सांडवा ओढ्याला जात असेल तर हा मासा सोडू नका.

नेहमीची कामं:
– चुना, गुंठ्याला 2 ते 2.5 किलो
– बांधावरचं गवत काढणे
– सांडव्याची जाळी तपासणे
– शेणखत बेताने

फाल्गुनात पाणी तळाला गेलं की वरचा वीतभर गाळ खरवडून कातळावर पसरा. कंद गाळात काही वर्षं जिवंत राहतात, त्यामुळे पुढल्या आश्विनात परात पुन्हा काढावी लागेल.